मधेच येणारी ओळ

रात्री ओटा आवरताना मी बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचा एक कँटाटा (चर्चमध्ये वाद्यांसोबत गायची, अनेक भागांची रचना) लावते, १४० नंबरचा, म्हणजे सगळा नाही, त्यातला फक्त चौथा भाग, कारण अख्खा जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे आणि माझी भांडी तेवढी नसतात. सुरुवातीला व्हायोलिन आणि व्हिओला मिळून एकच चाल धरतात, खाली बेस, म्हणजे खर्जातली साथ, बास. जेवण झाल्यावर कोणीतरी निवांत शतपावली करतंय अशी चाल. मीपण गुणगुणायला लागते आणि तेवढ्यात टेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, येतात, लांब लांब सूर लावत, व्हायोलिनकडे ढुंकूनही न बघता. व्हायोलिनही थांबत नाही. दोघांचं आपापलं चालू, आणि माझं गुणगुणणं दर वेळी तिथेच अडकतं.

कितीतरी वर्षं मला वाटायचं की मूळ गाणं व्हायोलिनचंच, टेनर म्हणजे वरून दिलेली फोडणी. निघालं उलटंच. टेनरची ओळ म्हणजे फिलिप निकोलाई नावाच्या ल्यूथरन पाद्र्याचं स्तोत्र, १५९९ मध्ये छापलेलं. जर्मनीतल्या उन्ना गावात प्लेगने माणसं मरतायत, हा त्यांना पुरतोय, आणि लिहितोय काय तर लग्नाची रात्र! मध्यरात्री पहारेकरी हाका मारतायत, उठा, नवरदेव आला, दिवे घ्या. बायबलमधली दहा मुलींची गोष्ट आहे ती, पाच जणी जास्तीचं तेल आणतात, पाच जणी नाही आणत. (त्या शहाण्या पाच जणी थोडंसं तेल द्यायला नकार देतात हे मला अजून पटलेलं नाही, पण असो.)

बाखने त्यावर हा कँटाटा केला लाइपझिगमध्ये, २५ नोव्हेंबर १७३१ च्या रविवारसाठी. तो रविवारही भारी, ट्रिनिटी नावाच्या सणानंतरचा सत्ताविसावा, ईस्टर मार्चमध्ये फारच लवकर आला तरच कॅलेंडरात उगवतो. बाखच्या लाइपझिगमधल्या २७ वर्षांत दोनदाच आला, १७३१ आणि १७४२. मी असते तर जुनंच काहीतरी काढून भागवलं असतं.

चर्चमधल्या लोकांना ते स्तोत्र तोंडपाठ असणार, आपल्याला गणपतीची आरती असते तसं. म्हणजे त्यांना अनोळखी होतं ते व्हायोलिन, हे काय चाललंय म्हणत बसले असतील, आणि टेनर आले की हुश्श, ही तर आपली ओळ! मी मात्र पाहुण्याला घरचा समजत होते आणि घरच्याला पाहुणा.

म्हातारपणी बाखने हाच भाग ऑर्गनसाठी करून छापला. उजव्या हाताला व्हायोलिनची चाल, डाव्या हाताला स्तोत्र, बेस पायांखालच्या पट्ट्यांवर, सगळं एकटा माणूस वाजवतो. मला एक धड गुणगुणता येत नाही.

काल ठरवलंच, फक्त टेनरची ओळ धरायची. कढई हातात घेऊन वाट बघत उभी राहिले, पहिली ओळ जमली, पण दुसरी यायच्या आधी टेनर गप्प होतात ना, तिथे व्हायोलिनने परत ओढून नेलं.