एक बोट खाली

माझ्या स्विफ्टचे मागचे दोन्ही शॉकअप गळायला लागले आणि गॅरेजवाल्याने सरळ सांगितलं, "बदलायचेच आहेत, तर काय टाकायचं ते ठरवून या." गाडी थोडी खाली बसवायची हौस होतीच, त्यामुळे त्या दिवसापासून डोक्यात एकच गोष्ट: एअर बॅग की कॉइलओव्हर?

"एअर बॅग म्हणजे धडक झाल्यावर फुगते ती ना?" आईने विचारलं. ती नव्हे. ही स्प्रिंगच्या जागी बसणारी रबरी पिशवी. डिकीत कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी, तिथून चारही चाकांना नळ्या. बटण दाबलं की गाडी वर, दुसरं दाबलं की जमिनीला टेकलेली. शिवनेरी बस थांब्यावर आली की सुस्कारा सोडते ना, तेच तंत्र. पण शिवनेरीच्या मागे अख्खा डेपो उभा असतो. माझ्यामागे कोण? एका मित्राच्या गाडीला ही चैन आहे. मागच्या पावसाळ्यात रात्रीतून एक जोड सुटला आणि सकाळी पाहतो तर गाडी डबक्यात म्हैस बसावी तशी बसलेली. जॅक आत सरकेना. ऑफिसला रिक्षाने.

कॉइलओव्हर त्या मानाने सरळमार्गी. शॉकअपच्या अंगावरच आटे आणि त्यांवर स्प्रिंग. पाना घालून कॉलर, म्हणजे स्प्रिंगखालची कडी, फिरवली की उंची बदलते. यातही मेख आहेच. स्वस्तातल्यात नुसती कॉलर फिरते, म्हणजे उंची वाढवायची तर स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची, मग खड्ड्यात दणका ठरलेला. बऱ्या सेटमध्ये शॉकअपचा खालचा ब्रॅकेट वेगळा फिरतो, स्प्रिंगला धक्का न लावता. शिवाय पुण्याच्या चिखलात आटे गंजतात. दर पावसाळ्यानंतर ब्रशने घासून ग्रीस लावायचं. एवढी सेवा मी करीन.

खरा निकाल मात्र सोसायटीच्या फाटकाबाहेरच्या स्पीडब्रेकरच्या हातात होता. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, ताशी पंचवीसच्या वेगाने सुखाने ओलांडता यावा असं. आमचा कुणी घातला देव जाणे. पहाटे टेप घेऊन रस्त्यावर आडवा झालो. वॉचमन धावत आला. "साहेब, काही पडलं का?" उंची निघाली तेरा सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक पाऊल. माझ्या स्विफ्टच्या पोटाखाली 170 मिलिमीटर, तेही गाडी रिकामी असताना. मागे आई, मावशी आणि तांदळाचं पोतं बसलं की हिशेब संपला. इथे हवेची पिशवी जिंकते, कबूल. पण दिवसातून दोनदा येणाऱ्या एका उंचवट्यासाठी डिकीभर यंत्रसामग्री बाळगायची?

मूळ कंपनीच्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल चालणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये बजावलंय, तेही मनात टोचत होतंच. आधी आरटीओत विचारायचं, मग हात लावायचा.

तरी मनाने कौल दिला तो कॉइलओव्हरला. गॅरेजवाल्याने टायर आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, मधल्या फटीत बोटं घातली. "आत्ता चार आहेत. दोनवर आणू?"

"तीन. त्याखाली नको."

घरी आल्यावर आईने एकच विचारलं. बसताना गुडघा जास्त वाकवावा लागेल का?

"छे, एकच बोट खाली जाईल."

तिने स्वतःचं बोट उभं धरून पाहिलं. "कुणाचं बोट? माझं की तुझ्या मेकॅनिकचं?"