आमची वाटचाल: कॅलिपर ते कृत्रिम पाय

आमच्या कामाची सुरुवात पोलिओच्या कॅलिपरने, म्हणजे कमजोर पायाला आधार देणाऱ्या सांगाड्याने झाली. लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे, गुडघ्याला कडीचं कुलूप. बिजागरी गुडघ्याच्या सांध्याच्या रेषेत नसली, तर बसताना पट्टा मांडीत रुततो. दुरुस्तीला येणाऱ्या कॅलिपरमध्ये हाच दोष जास्त असे. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आता आमच्याकडे मुख्यतः मधुमेहात किंवा अपघातात पाय गमावलेली माणसं येतात.

लोखंडाची जागा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकने घेतली. शीट ओव्हनमध्ये पारदर्शक होईपर्यंत तापवायची आणि प्लास्टरच्या साच्यावर व्हॅक्यूमने ओढायची. साच्यात ओल राहिली तर फुगे येतात. ओढताना घोट्यापाशी शीट पातळ झाली तर स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचेबंद पट्टा) पुढे तिथेच तडकतो.

गुडघ्याखालच्या कृत्रिम पायात मात्र सगळं सॉकेटवर, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कवचावर असतं. माप घेताना गुडघा किंचित वाकवून ठेवतो आणि गुडघ्याची वाटी, नडगीची कड, बाहेरच्या बारीक हाडाचं टोक यांवर कॉपीइंग पेन्सिलने (ओल्यावर रंग उमटवणाऱ्या पेन्सिलने) खुणा करतो. साचा भरला की वाटीखालच्या जाड शिरेवर (कंडरेवर) तो कानशीने खोल घासायचा, कारण तिथे भार सोसतो. हाडांच्या खुणांवर उलट प्लास्टर चढवायचं. ही घासणी घाईने उरकली तर पुढे कितीही महाग पाऊल लावा, माणूस लंगडतोच.

सॉकेट घालून थोडं चालवलं की कातडी बघतो. त्या शिरेवरची लाली दहा मिनिटांत गेली तर ठीक. नडगीच्या कडेवरची राहिली तर सॉकेट पुन्हा तापवून तेवढी जागा बाहेर काढायची.

"खाली घट्ट झालंय, टोकाला टोचतंय," असं पेशंट सांगतात, तेव्हा बहुतेक वेळा सॉकेट सैल झालेलं असतं. पहिल्या काही महिन्यांत स्टंप (उरलेला पाय) बारीक होतो, आत जास्त खोल उतरतो आणि टोक तळाला टेकतं. अशा वेळी तळ घासून मोठा केला की दुखणं वाढतं. आधी एक मोजा वाढवून बघावा. मोज्यांचे थर चढवूनही भागत नसेल तर नवं सॉकेटच करावं लागतं.

शेतात अनवाणी वावरणाऱ्यांना आम्ही आजही जयपूर फूट हे रबरी कृत्रिम पाऊलच सुचवतो. त्यावर उकिडवं बसता येतं.

माप घ्यायच्या कितीतरी आधी, ऑपरेशननंतर लगेच सांगायची गोष्ट: गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं, पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग सरळ पाय बसवणं अवघड होतं.