आंब्याच्या बेचक्यात रेसिप्रोकेटिंग सॉ

आंब्याच्या अरुंद बेचक्यात चेनसॉ नीट शिरत नाही आणि हातकरवतीने मनगटाएवढी फांदी कापताना खांदा भरून येतो. या दोहोंच्या मधल्या कामाला रेसिप्रोकेटिंग सॉ, म्हणजे पुढे-मागे चालणारी करवत, उपयोगी. जुन्या हापूसच्या गाभ्यात ऊन उतरावं म्हणून मधली फांदी काढणं, वाळलेलं लाकूड उतरवणं, बांडगूळ धरलेली फांदी तोडणं, अशी कामं. बांडगुळाचं मूळ लाकडात शिरलेलं असतं, म्हणून ते धरलंय त्याच्या वीतभर खाली कापावं. नुसतं ओरबाडलं तर पुन्हा फुटतं.

लोक यंत्राची किंमत विचारतात, पात्याचं कोणी विचारत नाही. खरी मेख तिथेच आहे. खिळे आणि लाकूड दोन्हींसाठीच्या पात्याला इंचात 6 ते 10 दात असतात. ओल्या लाकडाचा भुसा त्यांच्या खाचांत बसतो, पातं तापतं आणि फांदी कापली जाण्याऐवजी नुसती घासली जाते. छाटणीला इंचाला 3 ते 5 दातांचं, खोल खाचांचं पातं घ्या. पात्याचा यंत्रात शिरणारा अर्धा इंची दांडा बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत बसतो. लांबी फांदीच्या जाडीपेक्षा किमान 5-7 सेंटिमीटर जास्त हवी, नाहीतर मागे येताना टोक लाकडात अडकतं आणि पुढच्या फेरीला ठोकर बसून पातं वाकतं, हातालाही झटका बसतो. 230 मिलिमीटरचं पातं 10 सेंटिमीटर फांदीपर्यंत निवांत चालतं. 300 मिलिमीटरचं लवतं, काप तिरका जातो.

पात्याभोवतीचा लोखंडी बूट फांदीला घट्ट टेकवूनच बटण दाबा. बूट सुटला की करवत लाकूड कापत नाही, सगळी फांदी हलवत बसते. अंगठ्याएवढ्या फांद्यांचं तेच होतं. त्यांना सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्रीच बरी. सुरुवात हळू, दात रुतले की पूर्ण वेग. जोर लावू नका, यंत्राचं वजन पुरे.

जड फांदी तीन कापांत उतरवा. खोडापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप. फांदीच्या वजनाने फट मिटून पातं चिमटायच्या आत थांबा. मग त्याच्या दोन-तीन इंच बाहेर वरून काप, फांदी गळून पडते. उरलेला खुंट शेवटी, बुडाशी सालीचा जो फुगवटा असतो त्याच्या लगेच बाहेरून. फुगवटा कापला तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो. खालचा काप टाळला की फांदी पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते. घाईने बहुतेक इथेच नुकसान होतं.

हे दोन्ही हातांनी धरायचं यंत्र आहे, त्यामुळे शिडीवर उभं राहून वापरू नये. चष्मा आणि पूर्ण बाह्या घाला, आंब्याचा चीक कातडी भाजतो. पातं बदलताना आधी बॅटरी काढा. नुकतं चाललेलं पातं चटका देण्याइतकं गरम असतं. शहरात छाटणीआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975 च्या कायद्याप्रमाणे.

कोरडा दिवस पाहूनच कापा आणि जखमेला त्याच दिवशी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप, लावा: 1 किलो मोरचूद 5 लिटर पाण्यात, 1 किलो चुना वेगळ्या 5 लिटरमध्ये, मग दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत एकत्र. घासलेला लोखंडी विळा बुडवून पाहा; त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. पेस्ट ताजीच वापरायची. पात्यावरचा चीक रॉकेलने लगेच पुसा, वाळला की खरवडून काढावा लागतो. रोगट झाडावरून दुसऱ्याकडे जाताना मात्र पातं स्पिरिटनेच पुसा.