उतरतानाच पाय का मुरगळतो

आज सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर दोघांचे घोटे मुरगळलेले पाहिले. दोघंही उतरत होते, आणि यात नवल काहीच नाही.

घोटा हा बिजागरीचा सांधा, पाऊल वर-खाली करणारा. त्यातलं टॅलस नावाचं हाड पुढे रुंद, मागे अरुंद. चढताना पाऊल वर ओढलं जातं, रुंद भाग नडगीच्या दोन हाडांमधल्या खोबणीत घट्ट बसतो. उतरताना चवडा खाली जातो, अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. पाऊल आत-बाहेर कलतं ते त्याच्या खालच्या, टॅलस आणि टाचेच्या हाडामधल्या सांध्यात. घोटा असा सैल असताना पाऊल आत वळलं की बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, ताणलं जातं, कधी फाटतंही.

म्हणून नुसता चवडा नको, पूर्ण पाऊल पायरीवर टेकवा. गुडघा किंचित वाकलेला असू द्या. ताठ गुडघ्यावर उतरलात तर धक्का मांडीच्या स्नायूंना झेलता येत नाही.

आणि कृपा करून लगेच चोळत बसू नका! चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे काढा.