कारणाचा रकाना

इथे कुठे मोठा गोळीबार झाला की त्या आठवड्यातल्या घरच्या फोनची पहिली पाच मिनिटं त्यातच जातात. "अरे, तुमचा सरकार बंदी कित्याक घालणा नाय?" कुडाळकडून काका विचारतात. पुण्याची मावशी हेच शुद्ध मराठीत विचारते. वीसेक वर्षं न्यू जर्सीत काढूनही मी दरवेळी "लांबण आहे, नंतर सांगतो" म्हणून विषय टाळत आलो. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून लिहितो.

तर, एआर-15 सारख्या लष्करी धाटणीच्या रायफलींवर बंदी घातली होती. 1994 च्या सप्टेंबरात क्लिंटन यांनी त्या कायद्यावर सही केली. पण कायद्यातच दहा वर्षांची मुदत होती, आणि 13 सप्टेंबर 2004 ला ती संपली. रद्द कोणी केली नाही, वाढवली कोणी नाही, एवढंच. मी त्याच ऑगस्टमध्ये इकडे आलो होतो आणि मला या बातमीचा पत्ताही नव्हता, कारण तेव्हा आमच्या घरी वेगळीच बंदूकबंदी चालू होती.

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. शेतीसंरक्षणाचा परवाना. नळीत दारू घालायची, चिंधी, छर्रे, परत चिंधी, गजाने ठासायचं. एक बार निघाला की दुसऱ्याला दोन मिनिटं. परवान्याच्या पुस्तकाच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पण शिक्के शाबूत. निवडणूक लागली की बंदूक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती आणायची, हा रिवाज. 2004 ची विधानसभा निवडणूक 13 ऑक्टोबरला होती. म्हणजे भात पिकून पिवळं झालेलं, बंदूक ठाण्यात, आणि डुकरांना आचारसंहिता लागू नाही. नदीकडचा भाताचा कुणगा त्यांनी दोन रात्रींत लोळवला. आजोबा फोनवर मतदानाबद्दल एक शब्द बोलले नाहीत, डुकरांबद्दल मात्र अर्धा तास बोलले.

ही गोष्ट लांबवायचं कारण पुढे येईलच.

1994 च्या कायद्यात काय होतं ते जरा जवळून बघा. मशीनगन, म्हणजे चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात ती, इथे 1934 पासून कर आणि नोंदणीखाली आहे, आणि 1986 नंतर बनलेली नागरिकाला घेताच येत नाही. आपल्याकडचे वाहिनीवाले प्रत्येक गोळीबारात 'मशीनगन' म्हणतात ते बहुतेक वेळा चुकीचं असतं. वाद आहे तो एआर-15 सारख्या रायफलींचा. दर गोळीला चाप वेगळा दाबावा लागतो, पण पुढची गोळी आपोआप नळीत चढते, आणि तीस गोळ्यांचं मॅगझिन सेकंदात बदलता येतं. आता अशी बंदूक कायद्याच्या भाषेत ओळखायची कशी? त्यांनी 19 मॉडेलं नावानिशी लिहिली आणि बाकीच्यांसाठी लक्षणं ठरवली: घडीचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन अडकवायची सोय, नळीच्या तोंडाचा भडका लपवणारा जोड. सुट्या मॅगझिनच्या रायफलीत यातली दोन लक्षणं असली की ती 'असॉल्ट वेपन'.

कारखानदारांनी संगिनीची सोय काढली, भडक्याचा जोड काढला, आणि तीच रायफल नव्या नावाने दुकानात ठेवली. संगीन खुपसून या देशात कोण कोणाला मारतंय? दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवरची बंदी खरी कामाची होती, पण आधी बनलेली मॅगझिनं विकायला मोकळीक होती, आणि त्यांचे ढीग पडलेले होते.

आमच्या न्यू जर्सीत राज्याची स्वतःची बंदी 1990 पासून आहे. घरापासून पाऊण तासावर डेलावेअर नदी, तिच्या पलीकडे पेनसिल्व्हेनिया, आणि तिथे अशी बंदी नाही. आमच्या कंपनीतला एक जण तिकडून येतो. दरवर्षी थँक्सगिव्हिंगनंतर हरणाच्या शिकारीला रजा टाकतो आणि जानेवारीत मला सुकं मांस आणून देतो. (मी खातो. घरी सांगत नाही.) एकदा तो मला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. त्याची एआर-15 हातात घेतली तेव्हा पहिल्यांदा जाणवलं ते तिचं हलकेपण. आजोबांची बंदूक खांद्याला लाथ मारायची; हिने नुसतं ढकलल्यासारखं केलं. दहा गोळ्या कधी संपल्या ते कळलंच नाही, आणि लाज वाटली तरी सांगतो, मजा आली. तो दस्ता मागेपुढे सरकवून दाखवत म्हणाला, "याला तुमच्याकडे गुन्हा म्हणतात. माझ्या बायकोचे हात आखूड आहेत म्हणून मी तो सरकवतो." त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. पण 2017 मध्ये पेनसिल्व्हेनियाने अशा रायफलींना छोट्या प्राण्यांच्या शिकारीसाठी परवानगी दिली आणि हरणासाठी दिली नाही, हेही त्यानेच सांगितलं. हरणावर चालवायची नाही, पण अठरा वर्षांच्या पोराला दुकानातून विकायची. टेक्सासमधल्या युव्हाल्डीत 24 मे 2022 ला 19 मुलं आणि 2 शिक्षिका मारणाऱ्याने नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर अशा दोन रायफली रीतसर दुकानातून घेतल्या होत्या. त्याच दुकानात पिस्तूल मागितलं असतं तर एकवीस पूर्ण होईपर्यंत थांब म्हणाले असते.

माझं मत विचाराल तर या रायफली नकोत. मॅगझिन तर दहाच्या वर अजिबात नको, कारण मॅगझिन बदलायला लागणारे क्षण कुणाच्या तरी पळून जाण्याचे असतात. पण एवढ्याने इथलं मरण थांबेल असं मी काकांना सांगणार नाही. 2021 साली या देशात बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यांतली 26,328 आत्महत्या होत्या. खुनांमध्ये हत्यार बहुतेक वेळा पिस्तूल असतं. एफबीआयच्या 2019 च्या आकड्यांत बंदुकीच्या 10,258 खुनांपैकी रायफलीने झालेले नोंदवले गेले 364, आणि त्यात साध्या शिकारी रायफलीही आल्या. बंदीच्या विरोधातले लोक हा आकडा तोंडावर फेकतात, आणि आकडा खरा आहे. शाळेत शिरणारा माणूस मात्र बऱ्याचदा एआर-15 घेऊन शिरतो, हेही तितकंच खरं.

आता आजोबांकडे परत येतो. त्यांच्या अर्जात एक रकाना होता: बंदूक कशासाठी हवी. त्यांनी लिहिलं होतं, रानडुकरं आणि वानर यांपासून पिकाचं रक्षण. तलाठ्याने, पोलिसांनी, जिल्हाधिकारी कार्यालयाने ते कारण तपासलं. इथे दुकानात भरायचा सरकारी फॉर्म आहे, क्रमांक 4473. त्यात गुन्हा केलाय का, अमली पदार्थ घेता का, बंदूक स्वतःसाठीच घेताय ना, असं बरंच विचारतात. कशासाठी हवी, हे विचारत नाहीत. अमेरिकेत कारण देण्याचं ओझं सरकारवर आहे: तुम्हाला ती का देऊ नये, हे सरकारने सांगायचं. 1791 च्या घटनादुरुस्तीतल्या एका वाक्यावरून हे आलं, आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शस्त्र बाळगण्याचा तो हक्क एकेकट्या माणसाचा आहे.

बंदूक बाळगून घराबाहेर हिंडायचं असेल तर मात्र न्यू जर्सीत 'तशी गरज आहे' हे पटवून द्यावं लागायचं. न्यू यॉर्कमध्येही, शंभराहून जास्त वर्षं. युव्हाल्डीनंतर महिनाभरातच, 23 जून 2022 ला, सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कची ही अट सहा विरुद्ध तीन मतांनी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी आमच्या राज्यानेही पोलिसांना कळवलं की गरज विचारू नका. पुढे 2024 च्या जुलैत एका संघीय न्यायाधीशाने आमची एआर-15 वरची बंदी घटनाबाह्य ठरवली आणि मॅगझिनवरची कायम ठेवली. प्रकरण अपिलात गेलं. तर मावशी, "सरकार काय करतंय" याचं उत्तर हे असं आहे. करतं, आणि कोर्टात जातं.

नोंदींची तर गंमतच आहे. भरलेले 4473 दुकानातच राहतात. दुकान बंद पडलं की खोक्यांतून वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जातात. बंदूकमालकांची देशभरची नोंदवही करायला कायद्याने मनाई आहे, म्हणून तिथे नाव टाकून शोधता येत नाही. माणसं पानामागून पान बघतात. आजोबांचा परवाना शोधायला आमच्या तहसीलच्या कारकुनाला एक दुपार पुरली होती.

मुलगी बालवाडीत होती तेव्हाची एक गोष्ट. इथल्या शाळांना कायद्याने दर महिन्याला आगीची एक कवायत आणि सुरक्षेची एक कवायत करावी लागते. सुरक्षेच्या कवायतीत दिवे बंद, दाराला कुलूप, सगळ्यांनी कोपऱ्यात गप्प बसायचं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने विचारलं, "बाबा, तेव्हा शिंक आली तर?" मी तिला नाक दाबून शिंक थांबवायला शिकवलं. दोघांनी आरशासमोर उभं राहून सराव केला.

आजोबा गेल्यावर बंदूक काकांनी ठाण्यात जमा केली आणि पावती ट्रंकेत टाकली. आता डुकरं परत वाढलीत, तेव्हा परवाना स्वतःच्या नावावर करायच्या खटपटीत ते आहेत. सातबारा, दाखले, पोलिसांचा अहवाल, हेलपाटे. गेल्या रविवारी फोनवर वैतागून म्हणाले, "तुझा बरा हा. तुका थंय घेवची झाली तर कारण काय लिवशील?"

मी म्हटलं, लिहावं लागत नाही.

"म्हणजे?"

"तसा रकानाच नाही, काका."

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "आणि पोरगी शाळेत जाता मा रोज?"