क्रोएशियातली नॅशनल पार्कं आणि माला पाक्लेनिकाचा तो ओढा

आधीच सांगतो, पाऊस पडून गेला असेल तर माला पाक्लेनिका या घळीत पाय ठेवू नका. बाकीचं सगळं नाही वाचलं तरी चालेल.

सप्टेंबरमध्ये दहा दिवस होतो. मी म्युनिकहून, ताई आणि भावजी नाशिकहून आले होते. तिघंही सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेलो, ताईने तर सांधण ही तिथली अरुंद घळ दोनदा केलीये, त्यामुळे फिटनेस आणि बूट वगैरेवर काही लिहीत नाही, ते तुमच्याकडे आहे असं धरतो. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांमध्ये आहे आणि त्याच दिवसापासून चलन पण युरो, म्हणजे व्हिसाची वेगळी कटकट नाही. देशात आठ नॅशनल पार्कं आहेत, आम्ही पाच केली.

पहिलं पार्क प्लिटवित्से, त्याबद्दल नेटवर ढीगभर लिहिलेलं सापडेल म्हणून थोडक्यात. सोळा तळी, लाकडी फळ्यांच्या वाटा, 78 मीटरचा मोठा धबधबा, सुंदर आहे यात वादच नाही. पण आम्ही गेलो तेव्हा भर सीझनला तिकीट 40 युरो होतं आणि हिवाळ्यात तेच 10, आणि तिकिटावर वेळ आणि गेट दोन्ही लिहिलेलं असतं, तेव्हा बुकिंग करताना कुठलं गेट घेतोय ते बघा. सकाळचा पहिला स्लॉट घ्या. दहा वाजल्यानंतर त्या फळ्यांवर चालणं म्हणजे दादर स्टेशनचा पूल, कोणी फोटोला थांबलं की मागची सगळी रांग थांबते. पोहायला बंदी आहे, पाण्यात पाय बुडवायला पण नाही.

क्रका या दुसऱ्या पार्कात मात्र आमची चक्क फसवणूक झाली. आम्ही जिथे जिथे वाचलं तिथे स्क्रादिन्स्की बुकच्या धबधब्याखाली पोहणाऱ्या लोकांचे फोटो, ताई नाशिकहून त्यासाठी कपडे घेऊन आली होती. तिथे पोहणं 2021 पासून बंद आहे! जुने फोटो अजून फिरतायत आणि टूर विकणारे तेच फोटो लावतात. आम्हाला झादार शहरात एकाने "स्विमिंग इन्क्लुडेड" म्हणून पैसे घेतले आणि तिथे पोचल्यावर दोर बांधलेला. तुम्ही टूर अजिबात घेऊ नका, स्क्रादिन गावातून पार्कची बोट तिकिटातच असते, स्वतः जा. ती बोटीतली वीसेक मिनिटं छान आहेत.

आता पाक्लेनिका.

हे वेलेबिट डोंगररांगेच्या पोटात, समुद्राला लागून आहे. दोन घळी, वेलिका म्हणजे मोठी आणि माला म्हणजे लहान. स्तारीग्रादकडून वेलिकात शिरतात, तिथे गेट, पार्किंग, क्लाइंबिंगवाल्यांची गर्दी, अनिचा कुकचा तो भलामोठा कडा, सगळं आहे. माला सेलिने नावाच्या शेजारच्या गावातून सुरू होते. मालातून वर चढायचं, युरलिनेच्या पठारावर यायचं आणि वेलिकातून खाली उतरायचं असा पूर्ण दिवसाचा लूप आहे. आमच्या घरमालकाने नकाशावर बोट फिरवून सांगितलं, "फोर अवर्स, नो प्रॉब्लेम, माय चिल्ड्रन गो." आम्हाला साडेनऊ तास लागले. आणि आम्ही रेंगाळलो वगैरे काही नाही, जेवायला वीस मिनिटं बसलो तेवढंच.

आदल्या रात्री तासभर पाऊस झाला होता, सकाळी लख्ख ऊन, त्यामुळे आम्हाला वाटलं काय होतंय. साडेआठला निघालो. पहिला अर्धा तास मजेत, रुंद घळ, दोन्ही बाजूला पांढरे कडे. मग वाट संपते आणि ओढ्याचं पात्रच वाट होते. पाणी नाही, नुसते धोंडे. टेम्पोएवढे धोंडे एकमेकांवर टाकलेले, त्यांच्यामधून, वरून, कधी खालून जायचं. मार्किंग म्हणजे लाल गोल आणि मध्ये पांढरा ठिपका, पण तो बरेचदा पुढच्या धोंड्याच्या मागच्या अंगाला, म्हणजे वर चढल्याशिवाय दिसतच नाही. सांधणसारखं असेल असं ताई म्हणत होती, पण सांधणचा दगड खरखरीत आहे, बूट धरतो. हा चुनखडीचा दगड पाण्याने घासून घासून साबणासारखा झालाय आणि घळ इतकी अरुंद की ऊन खालपर्यंत पोचत नाही, म्हणून रात्रीचा ओलावा अकरा वाजले तरी तसाच.

एका ठिकाणी डाव्या कातळावरून आडवं जायला लोखंडी केबल लावलीये. उंची फार नाही, दोन पुरुष असेल, पण खाली सगळे धारदार दगड. केबलच्या तारा मधे एका जागी सुटलेल्या आणि वर आलेल्या, तिथे धरलं की हातात घुसतात. भावजी पुढे गेले, मग ताई. तिने डावा पाय टेकवला तो सरळ घसरला आणि ती दोन्ही हातांनी केबलला लटकली, गुडघा कातळावर आपटला तो आवाज मला मागे ऐकू आला. मी खालून तिच्या बुटाला हात लावून पाय खाचेत बसवला आणि मग ती निघाली. तळहातातून रक्त येत होतं. "मी ठीके, पुढे बघ तू" एवढंच म्हणाली पण आवाज कापत होता. मोबाईलला रेंज शून्य, दोन तासांत एक माणूस दिसला नव्हता. मी आयुष्यात कुठल्या ट्रेकला इतका घाबरलो नाहीये.

परत फिरावं का यावर तिथे बसून बोललो. पण तोच कातळ उतरताना आणखी वाईट, म्हणून पुढे गेलो. हे लक्षात ठेवा, माला फक्त चढायची, वेलिकातून चढून मालातून उतरायचा विचारसुद्धा करू नका. घळीतून बाहेर पडायला आम्हाला चार तासांच्या वर लागले आणि त्यानंतर युरलिनेचा चढ, तो भर उन्हात. पाणी प्रत्येकी दीड लिटर होतं, ते पठारावर संपलं. कारण काय तर घरमालक म्हणाला वर मिळेल. आम्हाला थेंब मिळाला नाही. माणशी तीन लिटर घ्या, त्याच्या खाली नाही. पुढे वेलिकाच्या मुख्य वाटेला लागल्यावर वरच्या हटवरून (डोंगरातलं मुक्कामाचं घर) येणाऱ्या एका झेक जोडप्याने आपली अख्खी बाटली दिली, ताईचा हात बघून स्वतः पट्टी बांधून दिली. त्या दोघांचे उपकार आहेत.

वेलिकाची उतरण सोपी, दगडांनी बांधलेली वाट आहे, फक्त खालचे दगड लोकांच्या पायांनी गुळगुळीत झालेत तिथे सांभाळून.

आणि मग शेवटचा घाव. गाडी सेलिनेला आणि आम्ही उतरलो स्तारीग्रादला. मधलं अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर, ताईला चालवत नव्हतं, तर टॅक्सीवाल्याने 35 युरो घेतले, मीटर नाही, पावती नाही. गाडी संध्याकाळी जिथे उतरणार तिथे म्हणजे स्तारीग्रादला लावा आणि सकाळी फ्रेश पायांनी सेलिनेपर्यंत चालत जा, समुद्राच्या कडेने सपाट आहे. मागच्या दोन दिवसांत पाऊस नसेल, हातमोजे असतील, सात वाजता निघणार असाल तर माला करा, कडे खरंच जबरदस्त आहेत. नाहीतर वेलिकातून हटपर्यंत जाऊन या, त्यात कमीपणा काही नाही. 'बुरा' नावाचा इथला सोसाट्याचा वारा सुटणार असेल तर कुठेच जाऊ नका, त्या वाऱ्यात इथले पूलसुद्धा वाहतुकीला बंद करतात. आणि 112 हा इमर्जन्सी नंबर सेव्ह करून ठेवा.

नॉर्दर्न वेलेबिट पार्कात प्रेमुझिचची वाट चाललो, 1930 ते 33 मध्ये नुसते दगड रचून बांधलेली, 57 किलोमीटर, आम्ही एकच दिवस. पाय आपोआप पडतात. पाचवं पार्क म्लेट बेटावर, तिथे दोन दिवस मस्त गेले, सांगण्यासारखं काही नाही.

ताईचा गुडघा तीन दिवस सुजलेला होता. म्लेटला ती पाण्यात पाय सोडून बसली होती, त्या कपड्यांचा उपयोग झाला शेवटी.