तुम्ही विचारलंत म्हणून : फौजीला अजून काय हवं?

"पेन्शन आहे, कँटीन आहे, दवाखाना फुकट. मग परत मोर्चे कशाला? कुठल्या पक्षाने पाठवलं?" निवृत्त फौजीला हे प्रश्न लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, निवडणूक आली की रोजच. नोटाबंदीत रांगेतल्या माणसाने कुरकुर केली, की "तिकडे सियाचीनला जवान उभा आहे" म्हणत त्याला गप्प करणारेही बहुतेक हेच. जवान उभा असेपर्यंत देव. घरी येऊन हिशेब विचारला की लोभी, नाहीतर कुणाचातरी हस्तक.

आधी फुकटचं बघू. ईसीएचएस, म्हणजे निवृत्त फौजींची दवाखान्याची योजना, वर्गणीवर चालते. जुने निवृत्त सोडले तर 2017 च्या दराने शिपाई ते हवालदार 30,000, जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) 67,000, अधिकारी 1,20,000 रुपये, एकरकमी. पीपीओवरचा, म्हणजे पेन्शनच्या मंजुरीपत्रावरचा, आकडाही हातात पडत नाही. निम्म्यापर्यंत पेन्शन सरकारला विकून, म्हणजे तिच्या बदल्यात एकरकमी पैसे घेऊन, घर बांधलं जातं, पोरीचं लग्न होतं, आणि कापलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. शॉर्ट सर्व्हिसचा, म्हणजे ठरावीक मुदतीचा, अधिकारी 14 वर्षं काढून आला तरी पेन्शन नाही. कँटीनच्या दारूचं म्हणाल तर हो, कोट्यातली बाटली बाहेर जाते. पण तिचं गिऱ्हाईक कोण, तेही सांगा की.

मोर्चा कशासाठी होता? हुद्दा सारखा, सेवा सारखी, तर पेन्शन सारखी, मग निवृत्ती कुठल्याही सालची असो. ओआरओपी, 'वन रँक वन पेन्शन', म्हणजे एवढंच. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते. शिपाई पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, त्यानंतर दोन-तीन वेतन आयोग त्याच्या डोळ्यांसमोर येऊन जातात आणि मागून आलेल्याच्या पेन्शनमधला फरक वाढत राहतो. साठीला निवृत्त होणाऱ्या कारकुनाला हा फटका कमी. 2011 साली खासदार भगतसिंह कोश्यारींच्या संसदीय समितीने मागणी रास्त ठरवली. तेच कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झालेले.

15 जून 2015 ला जंतरमंतरवर धरणं सुरू झालं, मग साखळी उपोषण. 14 ऑगस्टला स्वातंत्र्यदिनाच्या बंदोबस्ताचं कारण देऊन पोलीस आत घुसले. छातीवर मेडलं लावलेल्या म्हाताऱ्यांना ढकलतानाचे फोटो देशाने बघितले. दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यावरून "तत्त्वतः मान्य". 5 सप्टेंबरला संरक्षणमंत्री पर्रीकरांनी योजना जाहीर केली आणि त्यात एक वाक्य होतं : स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना लाभ नाही.

व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, हा बँकेतला, कारखान्यातला शब्द. शिपायाची पेन्शन 15 वर्षांनी पिकते. पुढे बढती दिसत नाही, घरी आई अंथरुणाला, शेत पडीक, मग तो स्वतःच्या अर्जावर डिस्चार्ज घेतो. याला स्वेच्छा म्हटलं की गावंच्या गावं बाहेर. दुसऱ्याच दिवशी फरीदाबादला पंतप्रधानांनी सांगितलं, 15-17 वर्षांनी आलेल्या जवानांनाही मिळेल. 7 नोव्हेंबरच्या आदेशात आधीचे आत घेतले. 'यापुढे' स्वतःच्या अर्जावर येणारे मात्र बाहेरच. शिवाय फेरआढावा दर पाच वर्षांनी. मधल्या काळात फरक पडला तर पडला. आणि लोक म्हणाले, मिळालं ना, आता उठा!

सरकारने फसवलं, असंही मी आता छातीठोक म्हणत नाही. 16 मार्च 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने ओआरओपी राबवण्याची सरकारची पद्धत ग्राह्य धरली. तरी तो 'यापुढे' मला आजही पटत नाही.

तेव्हा मी म्हणायचो, यात राजकारण आणू नका. पण 15 सप्टेंबर 2013 ला हरियाणातल्या रेवाडीला नरेंद्र मोदींच्या माजी सैनिक मेळाव्यात टाळ्या वाजवणारे आमचेच होते ना? नोकरीत असताना आर्मी अ‍ॅक्टच्या कलम 21 खालचे नियम राजकीय सभेला जाऊ देत नाहीत, वर्तमानपत्राशी बोलू देत नाहीत. घरी आल्यावर तोंड उघडतं, आणि एकाच पलटणीतले दोघे एकाच पारावर एकमेकांविरुद्ध बोलतात. फौजी म्हणजे सरकारचा माणूस आणि फौजी म्हणजे विरोधकांचा माणूस, दोन्ही ऐकतो. कधीकधी वाटतं, गणवेशाचा मान मागायचा आणि वादात उतरायचंही, हे दोन्ही जमणार नाही. मग वाटतं, का नाही जमणार?

2022 पासून अग्निपथ योजनेत भरती झालेले अग्निवीर चार वर्षांनी घरी येतील. चारातला एक कायम होऊ शकतो. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे. पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कँटीन नाही. पंगतीत त्यांना काय विचारायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा.